दाणावैरण आणि झाडपाला : निगेचा इतिहास



हे व्याख्यान ज्यांच्या स्मृतीला वाहिलेलं आहे, त्यांनी आयुष्यभर जनावरांवर उपचार केले. तेव्हा आजचा विषय पागेतला आणि रानातल्या औषधांचा असावा, हे उचितच झालं.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या थोडं आधीची गोष्ट. चिपळूणच्या परिसरात हलवर्ण इथं लष्कराचा तळ होता आणि पावसाळा तोंडावर आला होता. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी एक पत्र धाडलं. त्यात लढाईचे डावपेच नाहीत. आहे तो गवताचा आणि दाण्याचा हिशेब. जमवलेली वैरण आताच मन मानेल तशी उधळली, तर भर पावसात ती मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग माणसं रयतेच्या दारी जातील. कोणी दाणे उचलील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजीपाला. रयत घरदार सोडून जाईल आणि म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन घ्या, अशी पत्रात स्पष्ट ताकीद आहे.

याच पत्रात आणखी एक बारकावा आहे. रात्री दिवा जळत ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि मग सारी पागाच जाईल. राज्य उभं करणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो. गंजी जळली की घोडा उपाशी राहतो. घोडा उपाशी राहिला की स्वार शेतात शिरतो, आणि स्वार शेतात शिरला की राज्यावरचा भरवसा उडतो. ही सगळी साखळी त्या एका वातीला बांधलेली आहे.

पराक्रमाच्या कथांमध्ये घोडा दिसतो तो स्वाराखाली. इतिहास मात्र घोड्याच्या तोंडातल्या घासात अधिक सापडतो. तो घास कुठून आला, कुणी कापला, त्याची किंमत कुणी मोजली, घोडा आजारी पडला तेव्हा कुणाला बोलावलं आणि त्यानं कोणतं झाड उपटून आणलं, हे विचारत गेलं की समाजाची रचना उलगडते. घोड्याची निगा आणि झाडपाल्याचं औषध या दोन विद्या एकाच हातांनी जपल्या, आणि ते हात बहुतेक वेळा अनामिक राहिले.

सभासदाच्या बखरीत शिवकाळातल्या घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे पाण्यासाठी एक पखालजी व नाल ठोकायला एक नालबंद. बारगीर स्वार होई तो सरकारी घोड्यावर; शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारं घेऊन येई. घोडा कुणाच्या मालकीचा, यावर शिस्त अवलंबून होती, म्हणून शिलेदारांवर पागेचा वचक ठेवलेला असे. आता नालबंद आणि पखालजी या दोघांकडे पाहावं. ते लढत नाहीत, पण प्रत्येक पंचविशीत त्यांची जागा ठरलेली आहे. खडकाळ घाटात नालाशिवाय घोडा दोन दिवसांत लंगडा होतो आणि उन्हाळ्यात पाण्याविना चालत नाही. हे ओळखून त्या माणसांना लष्कराच्या बांधणीतच बसवलेलं होतं. शिवाय मोतद्दार होते. पहाटे खरारा करणारे, खुरातली घाण काढणारे, तोबऱ्यात चंदी भरणारे आणि घोड्याची लीद पाहून त्याची तब्येत सांगणारे.

पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला शिलंगण, हे वर्षाचं चक्रही घोड्याच्या प्रकृतीशी जुळलेलं आहे. दख्खनच्या चिखलात खूर कुजतात आणि भिजलेलं गवत खाऊन पोट फुगतं. त्यात पावसाळ्यात चावऱ्या माश्यांचा उपद्रव वाढतो. या माश्या सर्रा नावाचा रोग पसरवतात. ताप, अशक्तपणा, पायांवर सूज आणि शेवटी मरण असा तो रोग. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानं डेरा इस्माईल खान इथं आजारी घोड्यांच्या रक्तात त्याचा सूक्ष्म परजीवी शोधून काढला. त्याआधी कित्येक पिढ्यांनी तो परजीवी पाहिलेला नव्हता, पण पावसाळ्यात घोडं बाहेर काढू नये हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दसऱ्याला घोड्याला न्हाऊ घालून, कपाळी गंध लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून पुजतात. चार महिन्यांची निगा पार पडल्याची ती पावतीच असे.

मात्र हीच दाणावैरण परमुलखात गेली की तिचं रूप पालटे. अठराव्या शतकात मराठी फौजा ज्या प्रांतांत जात, तिथं चौथ-सरदेशमुखीबरोबर घासदाणा नावाची वसुली होई. म्हणजे फौजेच्या घोड्यांच्या पोटाचा खर्च त्या मुलखानं द्यायचा. 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालात उतरल्या. तिथल्या गावांनी जे सोसलं, त्याची आठवण बंगाली आया आजही अंगाईत मुलांना सांगतात. तिथं बारगीर म्हणजे झोपेत यावी अशी भीती. चिपळूणच्या छावणीत काडीलाही हात लावू नका म्हणणारं राज्य आणि शंभर वर्षांच्या आत बंगालच्या धान्याच्या कणग्या रिकाम्या करणारी फौज, या दोन्ही गोष्टी आपल्याच इतिहासातल्या आहेत. त्या एकत्रच सांगायला हव्यात. पुढे 1761 च्या पानिपतात हाच हिशेब उलटून आला. अब्दालीनं रसद तोडली, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर 1760 मध्ये मारले गेले आणि तळावर घोडी व बैल उपासमारीनं मरू लागले. 14 जानेवारीची लढाई सुरू होण्याआधीच त्या फौजेचे पाय खचले होते.

घोडा हे दख्खनचं मूळचं धन नव्हे. अरबस्तान, इराण, खुरासानातून तो समुद्रमार्गे येई. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनं ठाण्याची हकिकत नोंदवली आहे. तिथला राजा समुद्री चाच्यांशी संगनमत करून होता. लुटीतलं इतर काहीही त्यांनी ठेवावं, घोडे मात्र राजाला द्यावेत, असा करार. घोड्याची टंचाई केवढी असेल, ते यावरून कळतं. दक्षिणेतल्या माबर प्रांताबद्दल पोलो याहून बोलकी गोष्ट सांगतो. तिथले लोक घोड्याची निगा जाणत नाहीत, म्हणून घोडे भराभर मरतात. आणि घोडे विकणारे व्यापारी घोड्यांच्या वैद्यांना तिकडे जाऊच देत नाहीत. घोडे मेले तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक पुन्हा दारात. ज्ञान दडवून बाजार चालवण्याची ही रीत सातशे वर्षं जुनी आहे.

1510 मध्ये पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून गोवा घेतला, त्यामागच्या कारणांत घोडा मोठा होता. पश्चिम किनाऱ्यावर उतरणारे अरबी घोडे गोव्यातूनच जावेत, त्यांवर जकात मिळावी आणि विजयनगर व विजापूर या दोघांनीही आपलं तोंड पाहावं, ही त्यांची नीती होती. दोन्ही राज्यं घोड्यांसाठी थैल्या रित्या करत होती.

पण घाटमाथ्यावर आणि भीमेच्या काठी एक वेगळा घोडा घडत होता. ठेंगणा, काटक, कडब्यावर आणि हरळीवर भागवणारा, ओझं घेऊन डोंगर चढणारा. यमुनेचं पाणी प्यायलेली भीमथडीची तट्टं ती हीच. आजही धनगरांचे कळप पावसाळ्यानंतर घाट उतरून कोकणाकडे निघतात, तेव्हा सगळा संसार या तट्टांच्या पाठीवर असतो. पीठ, भांडी, कोकरं आणि कधी लहान मूलसुद्धा. भीमथडी ही स्वतंत्र जात असल्याची अधिकृत राष्ट्रीय नोंद अगदी अलीकडे झाली. शतकानुशतकं ती जपली ती फिरत्या मेंढपाळांनी, कोणत्याही सरकारी पैदास केंद्राविना.

या घोड्याच्या पायाखालचीच एक वनस्पती पाहू. हरळी. जमिनीलगत पसरणारी, पेरापेराला मूळ धरणारी. पागेसाठी गवत आणणारी माणसं खुरप्यानं ती मुळांसकट काढत, माती झाडून, धुऊन, मोळी बांधून आणत. दख्खनच्या पागांत ही उत्तम वैरण समजली जाई. हीच गणपतीला वाहायची दूर्वा. तिचाच रस घोळणा फुटला की नाकात घालायचा, उन्हाळी लागली की पाण्यातून प्यायचा. शेतकऱ्याला मात्र ती पिकातलं हट्टी तण. देव्हारा, पागा, आजीबाईचा बटवा आणि शेताचा बांध या चारही ठिकाणी एकच गवत आहे, आणि ते कुठं संपतं नि कुठं सुरू होतं हे सांगता येत नाही.

शास्त्रग्रंथ याच पायावर उभे आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचा स्वतंत्र अध्याय आहे. कंबोज, सिंध, आरट्ट आणि वनायु इथले घोडे उत्तम, अशी त्यात प्रतवारी केली आहे. ऋतूनुसार आहार कसा बदलावा हे घोड्याच्या वैद्यानं सांगायचं, आणि उपचारात हयगय होऊन आजार बळावला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड भरायचा. त्याच्या चुकीनं घोडा मेला, तर घोड्याची किंमतच भरून द्यायची. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचारांची सोय केल्याचा उल्लेख एकाच दमात येतो. जिथं औषधी वनस्पती नव्हत्या तिथं त्या आणून लावल्या, असंही तो सांगतो.

अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून परंपरा शालिहोत्राचं नाव घेते. नकुलाच्या नावावर अश्वशास्त्राचा ग्रंथ आहे आणि जयदत्ताचं ‘अश्ववैद्यक’ आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात घोड्याची पारख, चाल आणि घोड्यावरचे खेळ यांचा विचार आहे. त्याची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याला लागून. पुढे बहमनी दरबारात शालिहोत्राच्या विद्येचा फारसी अनुवाद झाला. एका संस्कृत विद्येला फारसी अंगरखा चढला आणि तिचं औषध मोगलांच्या पागेत पोचलं.

या ग्रंथांत घोड्यालाही वात, पित्त, कफ आहेत. त्रिफळा, सुंठ-मिरी-पिंपळी, गुग्गुळ, कडुनिंब, हिंग, सैंधव ही माणसाचीच औषधं घोड्यालाही आहेत. मात्र माप मोठं. पोटात कळ उठलेल्या घोड्याला ओवा, हिंग, काळं मीठ आणि गूळ घालून मसाला चारायचा, थकलेल्याला तूप-गूळ, हिवाळ्यात शिजवलेले कुळीथ. ज्या घरात बाळंतिणीला ओवा-बाळंतशोपा दिल्या जात, त्याच घराच्या ओसरीवर घोड्यासाठी ओवा कुटला जाई. माणसाच्या वैद्यकात आणि जनावराच्या वैद्यकात भिंत नव्हती.

हे ज्ञान कुणाचं? चरकसंहिता याचं उत्तर मोकळेपणानं देते. रानातल्या वनस्पतींची नावं आणि रूपं शेळ्या राखणारे, मेंढपाळ, गुराखी आणि वनात राहणारे लोक जाणतात, असं ती म्हणते. ओळख त्यांच्याकडे, आणि वापराचं शास्त्र वैद्याकडे. म्हणजे संहितेच्या पायाशी एक धनगर उभा आहे, आणि संहिताकार त्याला लपवत नाही.

गोव्यात याच विद्येचा युरोपशी सांधा जुळला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही वैद्य झाला. मुंबई बेटही त्यानं भाडेपट्ट्यानं घेतलं होतं. 1563 मध्ये त्याचं ‘कोलोकियुश’ गोव्यात छापलं गेलं. हिंदुस्थानातल्या वनौषधी आणि मसाल्यांवरचे ते संवाद आहेत. त्यात मालुपा नावाचा हिंदू वैद्य येतो. ओर्ताच्या घरची दासी आंतोनिया येते. मालक एखादी वनस्पती मागतो आणि ती आणून समोर ठेवते. युरोपात गाजलेल्या पुस्तकाच्या पानांवर एका दासीचं नाव राहिलं, ही लहानसहान गोष्ट नव्हे. ओर्ता ज्यू वंशाचा होता. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशननं 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून जी गौड सारस्वत कुटुंबं गोव्यातून दक्षिणेला गेली, त्यांतले तीन वैद्य कोचीत होते. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेड यानं मलबारच्या वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यात इट्टी अच्युतन या केरळी वैद्याबरोबर या तिघांचाही हात होता. ‘होर्तुस मलाबारिकुस’ 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅमला बारा खंडांत निघाला. पहिल्या खंडात या तिघांचं 20 एप्रिल 1675 रोजीचं प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोंकणीत छापलेलं आहे. गोव्यातून परागंदा झालेल्या घराण्यांतल्या वैद्यांची सही डच छापखान्यात पोचली.

आणि घोडा व झाडपाला एकाच छताखाली पाहायचे, तर तंजावरला जायला हवं. तिथल्या मराठी राजवटीतल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी 1798 ते 1832 या आपल्या कारकिर्दीत धन्वंतरी महाल ही संस्था चालवली. तिथं माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधं बनत. रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात आणि वनस्पतींची हातानं रंगवलेली चित्रं काढली जात. वैद्य, हकीम, सिद्ध परंपरेचे जाणकार आणि युरोपीय पद्धतीचे डॉक्टर तिथं एकत्र होते. सरस्वती महाल ग्रंथालयात घोड्यांच्या आणि हत्तींच्या शास्त्राच्या सचित्र पोथ्या आहेत, शिवाय मोडी कागदांचे ढीगच्या ढीग. महाराष्ट्राबाहेर मराठीनं केलेलं हे थोर काम महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत असावं, याची खंत वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र बदललं. मुंबईत 1874 मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. शहरातल्या जनावरांवर उपचारांची गरज वाढत होती. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावानं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि 1886 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पदवीधर डॉक्टर आला आणि शालिहोत्री मागे पडला. याच सुमारास वैद्यकाचे जाणकार आपली विद्या टिकवायला धडपडत होते. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 1907 मध्ये नाशकात आयुर्वेद संमेलन भरवलं. त्यांचं ‘आर्यभिषक्’ मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिलं.

विसाव्या शतकात घोडा स्वतःच औषधाचा कारखाना झाला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचं विष अगदी थोड्या मात्रेत, हळूहळू वाढवत घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात विषाशी झुंजणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून कुपीत भरली की झालं सर्पदंशावरचं प्रतिविष. मुंबईच्या हाफकिन संस्थेनं या कामात दशकानुदशकं घोडे पाळले. पुण्यात पूनावाला घराण्याच्या पैदास केंद्रातले उतारवयाचे घोडे हाफकिनला जात. त्यातूनच स्वतः सीरम बनवण्याची कल्पना निघाली आणि 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. शर्यतीच्या घोड्याच्या तबेल्यापासून जगाला लसी पुरवणाऱ्या कारखान्यापर्यंतचा हा रस्ता आहे. आणि विष येतं कुठून? बहुतांशी तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींकडून. चेन्नईजवळची त्यांची सहकारी संस्था 1978 पासून साप पकडून, विष काढून, साप परत रानात सोडते. भात लावताना फुरसं चावलेली कोकणातली बाई तालुक्याच्या रुग्णालयात वाचते, तेव्हा तिच्या जिवामागे इरुला माणसाचं कसब आणि एका घोड्याचं रक्त असतं.

घोडा आपल्या जगण्यातून पूर्ण गेलेला नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक ओठ उचलून दात पाहतं, पायाच्या नळीवरून हात फिरवतं, रेवाल चाल चालवून बघतं, आणि मग अंगावरचे केसांचे भोवरे शोधतं. कपाळावर किती, गळ्याखाली आहे का, खोगिराच्या जागी नाही ना. पंचकल्याणी घोड्याची किंमत वर चढते आणि अशुभ जागी भोवरा असलेल्या निरोगी घोड्याला गिऱ्हाईक मिळत नाही. आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीपुढे बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कुणीच बसत नाही, तो माउलींचा. रिंगण पुरं झालं की त्या टापांखालची माती कपाळी लावायला हजारो हात पुढे होतात.

श्रद्धेनं कपाळी माती लावणाऱ्या याच समाजात लंगड्या जनावराला तापलेल्या सळईनं डाग देण्याची रीतही आहे. त्यानं जनावराचे हाल होतात आणि रोग तसाच राहतो. परंपरेचं सगळंच राखावं असं नाही. हिंग-ओव्याचा मसाला तपासून घ्यावा, डाग देणं बंद करावं, भोवऱ्यांवरून घोडा टाकू नये. हे ठरवायला आधी नोंद हवी.

ती नोंद करण्याची साधनं आपल्याकडे आहेत. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. त्यामागे माधव गाडगीळांचं मोठं काम आहे. पण कित्येक नोंदवह्यांत वनस्पतींची यादी असते आणि जनावरांवरचे उपचार नसतात. धनगरांच्या वाड्यांवर, नालबंदांच्या घरी, माथेरानच्या घोडेवाल्यांकडे जाऊन प्रत्येक उपचार लिहून घ्यायला हवा. कोणत्या जनावराला, कोणत्या ऋतूत, कोणत्या झाडाचा कोणता भाग, किती मापानं आणि गुण आला की नाही, हे सगळं त्यात हवं. वनस्पतीचा नमुना वाळवून सोबत ठेवायला हवा. आणि सांगणाऱ्याचं नाव त्याच्या संमतीनं नोंदीत यायलाच हवं, म्हणजे उद्या त्यातून औषध निघालं तर कायद्यानं मिळणारा लाभ त्याच्या गावापर्यंत पोचेल. दुसरीकडे पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि तंजावरच्या मोडी कागदांत पागांचे जमाखर्च पडून आहेत. चंदीचे भाव, नालांची खरेदी, मसाल्याचे जिन्नस त्यांत सापडतील. मोडी वाचणारा एक विद्यार्थी आणि पशुवैद्यकाचा एक विद्यार्थी शेजारी बसवले, तर हे काम याच वर्षी सुरू होऊ शकतं. या व्याख्यानमालेच्या आयोजकांनी अशा एका जोडीला वर्षभराची शिष्यवृत्ती द्यावी, अशी विनंती आहे. त्यांनी काय वाचलं आणि कुणाकडून काय ऐकलं, ते पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर त्यांनीच सांगावं.